मर्यादारेषेचा शोध : संसर्गजन्य आजार, घरगुती उपचार आणि मराठी आरोग्यप्रबोधनाची भाषा

प्रस्तावना

‘आजार अंगावर काढणे’ हा मराठीतील वाक्प्रचार दोन परस्परविरोधी भावांनी वापरला जातो. घरातील वडीलधारी स्त्री ‘असले किती ताप अंगावर काढले’ असे म्हणते, तेव्हा तिच्या बोलण्यात सोसण्याचा अभिमान असतो. उशिरा दवाखान्यात पोचलेल्या रुग्णाला ‘इतके दिवस अंगावर का काढलेत?’ असे डॉक्टर विचारतात, तेव्हा त्याच शब्दांत दोषारोप असतो. अभिमान आणि दोष यांच्यामध्ये जो खरा प्रश्न आहे तो मात्र अनुत्तरित राहतो. कोणता आजार अंगावर काढण्यासारखा असतो, कोणता नसतो, आणि पहिल्याचे रूपांतर दुसऱ्यात कोणत्या घटकेला होते?

सर्दी, खोकला, ताप, जुलाब, डोळे येणे, गोवर, कांजिण्या, गालगुंड, कावीळ हे घरोघरी येणारे संसर्गजन्य आजार होत. यांतील बहुसंख्य रुग्ण विश्रांती, पाणी, साधा आहार व किरकोळ औषध एवढ्यावर बरे होतात. थोड्या रुग्णांची प्रकृती मात्र काही तासांत बिघडते. या दोहोंमधील सीमा प्रथम ओळखावी लागते ती घरातील माणसाला, कारण त्या वेळी तेथे डॉक्टर हजर नसतो. आरोग्यप्रबोधनपर लेखनाचे मुख्य कार्य ही सीमा दाखविणे हे आहे. या सीमेस प्रस्तुत लेखात ‘मर्यादारेषा’ असे म्हटले असून, ती आखण्याच्या कसोटीवर मराठी आरोग्यप्रबोधनाच्या भाषेची समीक्षा करण्याचा येथे प्रयत्न आहे. विवेचनासाठी बारामती तालुक्यातील वडगाव निंबाळकर व त्याच्या भोवतालचा ऊसपट्टा समोर ठेवला आहे. आरोग्यसंदेश लिहिणाऱ्याच्या मनातील वाचक आणि तो संदेश ज्याच्यापर्यंत पोचावयाचा तो माणूस यांतील अंतर अशा परिसरात स्पष्ट दिसते.

१. परिसर आणि वाचक

वडगाव निंबाळकर हे नीरा–बारामती रस्त्यावरील, नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रातील गाव आहे. या पट्ट्यात सोमेश्वर, माळेगाव आणि इंदापूर तालुक्यातील भवानीनगरचा छत्रपती हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. कालव्याचे पाणी, बारमाही ऊस व रस्ते यांमुळे हा भाग जिरायती मुलखाच्या मानाने सधन आहे. बारामती शहरात शासकीय व खाजगी रुग्णालये असून २०१९ पासून तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू आहे. दवाखाना नाही, डॉक्टर नाही, ही दुर्गम भागातील अडचण येथे त्या स्वरूपात नाही.

असे असूनही आरोग्यसेवेकडे केव्हा जावे हा प्रश्न येथे सुटलेला नाही, कारण या परिसरात एकाच वेळी तीन प्रकारचे लोक राहतात. पहिला वर्ग बागायतदार व नोकरदार कुटुंबांचा. त्याच्या दृष्टीने डॉक्टर सहज उपलब्ध असल्याने साध्या सर्दीलाही प्रतिजैविक, इंजेक्शन व सलाईन घेण्याची सवय लागते. दुसरा वर्ग शेतमजूर व अल्पभूधारकांचा. दिवसाची मजुरी आणि दवाखान्याचा खर्च यांचा हिशेब केल्याशिवाय त्याचे पाऊल उचलत नाही. तिसरा वर्ग गळीत हंगामात बीड, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतून येऊन कोप्यांत राहणाऱ्या ऊसतोड कामगारांचा. त्याच्याजवळ ना ओळखीचा डॉक्टर असतो, ना ओळखीची आशा कार्यकर्ती. ‘डॉक्टरांकडे जा’ हे एकच वाक्य या तिघांना तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगते. पहिल्याला ते अनावश्यक असते, दुसऱ्याला महाग वाटते आणि तिसऱ्याला अपुरे पडते.

यात आषाढी वारीची भर पडते. संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर या मार्गाने पंढरीस जाते. पावसाळ्याच्या तोंडी एकाच मार्गावरून होणारी माणसांची ही दाटी आणि पाण्याचे सामाईक स्रोत यांमुळे पटकीच्या काळापासून पंढरीची वाट हा आरोग्य खात्याच्या चिंतेचा विषय राहिला आहे. सारांश, हा परिसर सधन असला तरी संसर्गाच्या दृष्टीने बंदिस्त नाही.

२. दवाखान्याविषयीच्या भयाची परंपरा

‘लोक अज्ञानामुळे दवाखान्यात येत नाहीत’ हे आरोग्यप्रबोधनातील एक गृहीतक आहे. पुणे जिल्ह्याचा इतिहास पाहता ते अपुरे ठरते. १८९६ मध्ये मुंबईत प्रकटलेला प्लेग लवकरच पुण्यात पोचला. १८९७ च्या आरंभी साथरोग कायदा झाला आणि वॉल्टर चार्ल्स रँड याच्या अध्यक्षतेखालील प्लेग समितीने सैनिकांकरवी घरझडत्या सुरू केल्या. रुग्णाला घरातून काढून इस्पितळात व त्याच्या कुटुंबीयांना विलगीकरण छावणीत नेले जाई, सामानसुमान जाळले जाई. परिणामी लोक रोग लपवू लागले. २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळ्या झाडण्यात आल्या. या घटनेचा राजकीय इतिहास सर्वपरिचित आहे. आरोग्याच्या इतिहासाच्या दृष्टीने तिचा अर्थ असा की, ‘रुग्णाला दवाखान्यात नेणे’ ही क्रिया या भूमीत प्रथम मोठ्या प्रमाणावर अनुभवास आली ती बळजबरीच्या रूपाने.

त्याच महिन्यांत पुण्याजवळ याच क्रियेचे दुसरे रूप दिसले. सावित्रीबाई फुले यांनी आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्या साहाय्याने प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना चालविला. रुग्णांना तेथे नेण्याचे काम करताना त्यांना स्वतःला संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. रोग तोच, वर्ष तेच, विलगीकरणाची गरजही तीच होती. एका ठिकाणी रुग्ण पकडून नेला जात होता, तर दुसऱ्या ठिकाणी त्याला आपले माणूस घेऊन जात होते. २०२० मध्ये कोविडच्या पहिल्या लाटेत, आजार उघड झाला तर विलगीकरण कक्षात नेतील या भयाने ताप लपविण्याची प्रवृत्ती अनेक ठिकाणी पुन्हा दिसली. म्हणून आरोग्यसंदेशाची भाषा तपासताना तो कोणाच्या आवाजात बोलतो हे पाहणेही आवश्यक ठरते.

३. ‘वेळीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा’ : एका वाक्याची चिकित्सा

मराठी आरोग्यप्रबोधनातील सर्वाधिक रूढ वाक्य ‘वेळीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा’ हे आहे. वृत्तपत्रीय सदरे, भित्तिपत्रके, शालेय पाठ्यपुस्तके, व्याख्याने या सर्वांचा समारोप बहुधा याच वाक्याने होतो. ते चुकीचे नाही, आणि त्याचा दोषही तोच आहे. जे वाक्य कोणत्याही आजाराच्या शेवटी जोडता येते, ते कोणत्याच आजाराविषयी काही सांगत नाही.

या वाक्याच्या रचनेतच तीन उणिवा आहेत. पहिली ‘वेळीच’ या शब्दाची. वेळ टळून गेल्यावरच ‘वेळीच’ म्हणजे केव्हा हे कळते. तापाचा तिसरा दिवस, जुलाबाचा सहावा तास, खोकल्याचा दुसरा आठवडा असे काही त्यात नसते. दुसरी उणीव क्रियापदाची. ‘घ्यावा’ या विध्यर्थी रूपात सल्ला घेणारा अध्याहृत राहतो. मूल आजारी असते तेव्हा लक्षणे आई पाहते. त्याला दवाखान्यात न्यावयाचे की नाही, हे मात्र पुष्कळदा पैसे व वाहन ज्याच्या हाती आहे तो ठरवितो. लक्षण पाहणारी व निर्णय घेणारा यांच्यातील हे अंतर ‘घ्यावा’ या क्रियापदाआड लपून जाते. तिसरी उणीव ‘डॉक्टर’ या शब्दाच्या सरसकटपणाची. गावातील खाजगी दवाखाना, उपकेंद्रातील परिचारिका, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि बारामतीचे मोठे रुग्णालय यांपैकी कोठे जावे हे त्यातून कळत नाही. दम लागलेल्या रुग्णाला आधी गल्लीतील दवाखान्यात, तेथून तालुक्याला आणि तेथून पुण्याला नेण्यात जे तास जातात, त्यांची जबाबदारी काही अंशी या संदिग्ध शब्दावरही येते.

परिभाषेचा प्रश्न याला जोडूनच येतो. ‘निर्जलीकरण’, ‘श्वसनसंस्थेचा तीव्र संसर्ग’, ‘अतिसार’ हे शब्द शास्त्रीय लेखनात योग्य आहेत. परंतु घरातील माणूस ‘निर्जलीकरण’ पाहत नाही. त्याला दिसते ते तोंडाला पडलेली कोरड, खोल गेलेले डोळे, तान्ह्या मुलाची खाली बसलेली टाळू, सकाळपासून न झालेली लघवी. त्याचप्रमाणे त्याला न्यूमोनिया दिसत नाही. ‘धाप लागली’, ‘पोट उडते आहे’, ‘श्वास घेताना बरगड्या आत जातात’ हे दिसते. मराठी बोलीत निरीक्षणाचे शब्द भरपूर आहेत. अनेक आरोग्यपुस्तिकांनी ते अशुद्ध मानून बाजूला ठेवले आणि त्यांच्या जागी रोगनामे आणली. लक्षण ओळखण्याची भाषा अशा रीतीने लक्षण पाहणाऱ्याच्याच हातून काढून घेतली गेली.

रूढ नावांचाही येथे विचार करावा लागतो. ‘देवी’ हे रोगाचे नाव भारतातून तो रोग १९७५ मध्ये नाहीसा झाल्यानंतरही भाषेत राहिले, आणि अंगावर पुरळ आले की ‘माता आली’ म्हणण्याची रीत गोवर-कांजिण्यांपर्यंत पोचली. या रीतीतील काही भाग उपकारक आहे : रुग्णाला वेगळे ठेवणे, पाहुण्यांची ये-जा थांबविणे, घरात शांतता राखणे. औषध न देणे, डॉक्टरला न दाखविणे हा भाग मात्र घातक आहे. २०२२ च्या उत्तरार्धात मुंबईत गोवंडी परिसरात गोवराची साथ पसरली व बालमृत्यू झाले. गोवर साधा समजला जातो, परंतु त्यानंतर येणारा न्यूमोनिया व जुलाब साधे नसतात. म्हणून समंजस आरोग्यलेखन ‘माता’ या शब्दाची टिंगल करीत बसणार नाही. वेगळे ठेवण्याची रीत ते पाळू देईल आणि त्याच दमात सांगेल की गोवराच्या मुलाला अ जीवनसत्त्वाचा डोस मिळालाच पाहिजे, आणि धाप लागली, मूल पिईनासे झाले किंवा डोळ्याचे बुबुळ धुरकट दिसू लागले तर तासभरही थांबू नये.

४. रेषा आखणारे प्रयोग

याउलट मर्यादारेषा नेमकी आखणारे प्रयत्नही झाले असून त्यांतील काही महाराष्ट्रातच झाले. पहिले उदाहरण जलसंजीवनीचे. १९७१ मध्ये बांगलादेशाच्या मुक्तियुद्धाच्या काळात पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासित छावणीत पटकीची साथ आली. सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे द्रावण रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिले आणि मृत्यूचे प्रमाण कितीतरी खाली आले. या घटनेचे महत्त्व औषधापुरते मर्यादित नाही. उपचार घरच्या माणसाच्या हाती सुरक्षितपणे देता येतो, मात्र त्यासाठी माप हवे, हे तिने दाखविले. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे ते माप. चमचा चहाचा असावा, मीठ जास्त होऊ नये. तयार पुडी मिळाल्यास ती अधिक चांगली. सहा महिन्यांवरील मुलाला सोबत १४ दिवस जस्ताची गोळी द्यावी आणि अंगावरचे दूध चालू ठेवावे. त्यापुढची रेषाही तितकीच नेमकी सांगता येते : शौचात रक्त, थांबत नसलेली उलटी, पेजेच्या पाण्यासारखे वारंवार जुलाब, सहा ते आठ तास लघवी नसणे, पिता न येणे किंवा गुंगी. यांपैकी एकही दिसले की घरगुती उपचाराची हद्द संपली.

दुसरे उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने बालन्यूमोनियावर केलेला प्रयोग १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. गावातील आरोग्यकार्यकर्ते व दाया यांना मुलाचे श्वास मोजण्यास शिकविल्यास आणि साधे प्रतिजैविक त्यांच्या हाती दिल्यास बालमृत्यू लक्षणीय प्रमाणात घटतात, हे त्यातून सिद्ध झाले. भाषेच्या दृष्टीने यातील मर्म श्वास मोजण्याच्या साधनात आहे. मोठे आकडे मोजता न येणाऱ्या दाईसाठी मणी सरकवून श्वास मोजण्याची चौकट तयार करण्यात आली. ‘जलद श्वास’ हा सापेक्ष शब्द अशा रीतीने हाताला जाणवणारे माप झाला. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजून दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास ६० वा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० वा अधिक, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० वा अधिक भरले तर ती सर्दी राहिलेली नाही. दोन महिन्यांच्या आतील बाळाला नुसता ताप असणे किंवा त्याने दूध ओढणे सोडणे हीदेखील रेषेपलीकडची लक्षणे आहेत.

तिसरे उदाहरण ग्रंथलेखनाचे. डेव्हिड वर्नर यांनी मेक्सिकोतील डोंगराळ खेड्यांसाठी लिहिलेले, डॉक्टर नसलेल्या ठिकाणी उपयोगी पडावे असे पुस्तक १९७३ मध्ये स्पॅनिशमध्ये व १९७७ मध्ये इंग्रजीत आले आणि जगभर आरोग्यकार्यकर्त्यांच्या हाती पोचले. मराठीत या जातीचे स्वतंत्र व महत्त्वाकांक्षी काम डॉ. श्याम अष्टेकर यांच्या ‘भारतवैद्यक’ने केले. ग्रामीण आरोग्यकार्यकर्त्याला समोर ठेवून, लक्षणापासून रोगाकडे जाणारी मांडणी मराठीत आणणे ही त्याची मोठी कामगिरी होय. मात्र हा ग्रंथ मुख्यतः कार्यकर्त्यासाठी आहे. त्याच्या आणि घरातील आईच्या मध्ये एक पान कमी पडते. भिंतीवर टांगता येईल, मोठ्या अक्षरात असेल आणि रात्री दोन वाजता कंदिलाच्या किंवा मोबाइलच्या उजेडात वाचता येईल असे ते पान हवे. मराठी आरोग्यसाहित्यात आजही तुटवडा आहे तो या एका पानाचा.

साथीच्या काळात शासकीय भाषाही नेमकी होऊ शकते, याचा दाखला पुण्यानेच दिला. ३ ऑगस्ट २००९ रोजी स्वाइन फ्लूने झालेला भारतातील पहिला मृत्यू पुण्यात नोंदला गेला आणि नायडू रुग्णालयासमोर रांगा लागल्या. साधी सर्दी झालेला आणि खरोखर अत्यवस्थ असलेला असे दोघेही एकाच रांगेत उभे राहू लागले, म्हणजे रेषेअभावी रांग हेच संसर्गाचे ठिकाण होण्याचा धोका निर्माण झाला. पुढे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने रुग्णांची अ, ब, क अशी वर्गवारी सांगितली : सौम्य लक्षणे असणाऱ्याने घरी राहावे व त्याला चाचणीची गरज नाही; गर्भवती, वृद्ध, लहान मुले, मधुमेही आदींना लवकर औषध द्यावे; दम, छातीत दुखणे, गुंगी, थुंकीतून रक्त, नखे निळी पडणे यांपैकी काही असल्यास तत्काळ दाखल करावे. कोविडकाळात ही नेमकेपणाची प्रक्रिया आणखी पुढे गेली. सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत घरोघरी प्राणवायूची पातळी मोजली गेली आणि ‘९४ च्या खाली गेले की हलवा’ हे सूत्र खेड्यापाड्यांत पोचले. त्या आजारात पुष्कळ रुग्णांना दम जाणवण्यापूर्वीच प्राणवायू घटलेला असे. ‘बरे वाटते’ या भावनेपेक्षा आकडा विश्वासार्ह ठरू शकतो, हा धडा त्यातून मिळाला.

५. ‘बरे वाटते’ या भावनेची फसवणूक

मर्यादारेषा आखताना सर्वांत मोठी अडचण अशी की, काही आजारांत धोका लक्षणे वाढताना येत नाही, तर उतरताना येतो. डेंगी हे त्याचे ठळक उदाहरण. तीन ते सात दिवसांनी ताप उतरतो, घरात सुटकेचा श्वास टाकला जातो, आणि नेमक्या त्याच २४ ते ४८ तासांत गंभीर अवस्था येण्याची शक्यता असते. पोटात तीव्र वेदना, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणे, अस्वस्थता ही त्या वेळची धोक्याची चिन्हे होत. ‘ताप उतरला म्हणजे आजार गेला’ हे घरगुती समीकरण येथे चुकते. ज्या तापात डेंगीची शंका आहे, त्यात पॅरासिटामॉलखेरीज ॲस्पिरिन वा आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके घेऊ नयेत, हे सांगणेही रेषेचाच भाग आहे.

दुसरी फसवणूक श्रेयाची. सर्दी, साधे विषाणुजन्य ताप, डोळे येणे, दूषित पाण्यातून होणारी बहुतेक कावीळ हे आजार आपल्या मुदतीने बरे होतात. त्या मुदतीत शेवटी जे केले असेल, त्याला श्रेय मिळते. कावीळ ‘उतरविणाऱ्या’ची ख्याती ज्या तर्कावर उभी आहे, त्याच तर्कावर सर्दीला दिलेल्या प्रतिजैविकाची आणि अशक्तपणाला लावलेल्या सलाईनचीही ख्याती उभी आहे. अंधश्रद्धेवर टीका करणारे लेखन पहिल्याला दोष देते आणि दुसऱ्याकडे दुर्लक्ष करते, हा त्यातील पक्षपात होय. विषाणूवर प्रतिजैविकाचा उपयोग होत नाही, आणि अर्धवट घेतलेल्या प्रतिजैविकांमुळे पुढे खऱ्या गरजेच्या वेळी ती निष्प्रभ ठरतात. म्हणून अनावश्यक वेळी दवाखान्यात न जाणे हादेखील आरोग्यज्ञानाचा अर्धा भाग आहे. मात्र काविळीत गुंगी, असंबद्ध बोलणे, रक्तस्राव दिसल्यास अथवा रुग्ण गर्भवती असल्यास वाट पाहणे जिवावर बेतू शकते, हे त्याच परिच्छेदात सांगितले गेले पाहिजे.

जुलै २०२३ मध्ये आळंदीत हजारो शाळकरी मुलांचे डोळे आले. अशा साथीत हात धुणे, टॉवेल वेगळा ठेवणे व काही दिवस घरी थांबणे एवढे बहुतेकांना पुरते. पण डोळा ठणकणे, उजेड सहन न होणे, नजर अंधुक होणे ही लक्षणे आली तर तो साधा संसर्ग मानता येत नाही. आणि दुकानातून परस्पर आणलेले स्टिरॉइडयुक्त थेंब तर कधीच घालू नयेत. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण वाढले. हा आजार स्वतः संसर्गजन्य नाही, पण जुलाबासारख्या संसर्गानंतर काही दिवसांनी तो उद्भवू शकतो. जुलाब थांबले, पण पायांतील बळ गेले, जिना चढवेना, गिळता येईना, अशी स्थिती आली तर तत्काळ मोठे रुग्णालय गाठावे, ही नवी रेषा त्या साथीने मराठी वाचकाच्या माहितीत घातली.

रेषा काळानुसार बदलतात हेही लक्षात घ्यावे लागते. क्षयरोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात पूर्वी तीन आठवड्यांहून अधिक खोकला हा थुंकी तपासणीचा निकष होता. २००९ मध्ये तो दोन आठवड्यांवर आणला गेला. शास्त्राने रेषा सरकविली तरी भिंतीवर रंगविलेली अक्षरे आपोआप सरकत नाहीत. म्हणून आरोग्यसंदेशावर तो केव्हा लिहिला याचे वर्ष असणे, हा त्याच्या प्रामाण्याचा भाग मानला पाहिजे.

६. रेषा ओलांडण्याची किंमत

येथवर रेषा कळण्याचा विचार झाला. ती कळूनही ओलांडता न येणे हा त्याहून बिकट प्रश्न आहे. सोमेश्वर वा माळेगावच्या फडात काम करणारे ऊसतोड जोडपे ‘कोयता’ म्हणून मोजले जाते, आणि मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यास बांधलेले असते. एक दिवस कामावर न जाणे म्हणजे ‘खाडा’. त्या दिवसाची मजुरी बुडतेच, वर खाड्याचे पैसेही अंगावर पडतात. पहाटे फडात जाणाऱ्या आईला तापलेले मूल कोपीत मोठ्या बहिणीच्या स्वाधीन करावे लागते. तिला धाप ओळखता येत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिच्यापुढे प्रश्न असतो तो खाडा, भाडे आणि औषध या तिन्हींच्या बेरजेचा. अशा स्थितीत ‘अंगावर काढणे’ हा परिस्थितीने भाग पाडलेला हिशेब असतो. तिला अज्ञानी ठरविणारा संदेश तिच्यापर्यंत पोचला तरी तो तिचा होत नाही.

या कामगारांपैकी अनेक जण ज्या पट्ट्यातून येतात, त्यातील जामखेड येथे १९७० मध्ये डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी गावातील, बहुधा निरक्षर व दलित स्त्रियांनाच आरोग्यकार्यकर्त्या म्हणून घडविले. सल्ला देणारी व्यक्ती शेजारचीच असेल तर रेषा ओलांडण्याची किंमत कमी होते, हे त्या प्रयोगाचे सार होय. २००५ नंतर आलेल्या आशा कार्यकर्तीच्या कल्पनेतही हेच सूत्र आहे. परंतु आशा गावाच्या लोकसंख्येशी बांधलेली असते आणि कोपी गावाच्या हद्दीत असूनही बऱ्याचदा गावाच्या हिशेबात नसते. २०१४ पासून राज्यात सुरू झालेली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका परगावच्या माणसाला उपयोगाची आहे. मात्र तो क्रमांक कोपीच्या दारापर्यंत पोचविणे आणि थांबण्याची खूण म्हणून आपण कोणत्या कारखान्याच्या कोणत्या तळावर आहोत हे त्या कुटुंबाला सांगता येणे, एवढे तरी घडले पाहिजे.

हीच गोष्ट सौम्य प्रमाणात महाविद्यालयातही दिसते. कांजिण्यांच्या सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत, गोवराच्या पुरळानंतर चार दिवस, गालगुंडाची सूज आल्यापासून पाच दिवस आणि जुलाब-उलट्या थांबल्यावर आणखी ४८ तास विद्यार्थ्याने वर्गात येऊ नये, असे शास्त्र सांगते. ७५ टक्के उपस्थितीचा नियम, अंतर्गत चाचणी आणि प्रात्यक्षिकाचे गुण मात्र त्याला वर्गात ओढतात. वैद्यकीय प्रमाणपत्राची अट घातली की घरी विश्रांती घेऊन बरा होणारा विद्यार्थीही केवळ कागदासाठी दवाखान्याच्या रांगेत जाऊन बसतो. संस्थेचे नियमही आरोग्यसंदेशच असतात, आणि ते बहुधा भित्तिपत्रकाहून अधिक प्रभावी ठरतात.

समारोप

वरील विवेचनावरून मराठी आरोग्यप्रबोधनाच्या मूल्यमापनासाठी पाच कसोट्या सुचविता येतात. एक, संदेशातील लक्षण घरातील माणसाला डोळ्यांनी दिसणारे, कानांनी ऐकू येणारे वा हाताला जाणवणारे असावे. दोन, त्याला दिवसाचे, तासाचे वा संख्येचे माप असावे. तीन, रेषेच्या अलीकडे काय करावे व काय करू नये हे सांगितलेले असावे. चार, रेषेपलीकडे नेमके कोठे, कोणत्या साधनाने जावे हे स्थानिक तपशिलासह दिलेले असावे. पाच, तेथे जाण्याची किंमत मोजणाऱ्या माणसाविषयी त्यात आदर असावा. ‘वेळीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा’ हे वाक्य यांपैकी एकाही कसोटीस उतरत नाही. जलसंजीवनीचे माप आणि श्वास मोजण्याची मण्यांची चौकट पहिल्या तिन्ही कसोट्यांना उतरतात. चौथी आणि पाचवी स्थानिक पातळीवरच पुरी करावी लागते.

येथे महाविद्यालयांचे दायित्व सुरू होते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरांत आरोग्यफेरी व पथनाट्य नेमाने होतात, घोषणा घुमतात आणि शिबिर संपते. त्याऐवजी एखाद्या शिबिराने एकच काम हाती घ्यावे. वडगाव निंबाळकरसारख्या एका गावासाठी व त्याच्या शिवारातील कोप्यांसाठी एक पान तयार करावे. त्यातील वैद्यकीय मजकूर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने तपासावा, शब्द गावातील आयांनी व दायांनी सुचवावेत, वाक्ये मराठीच्या प्राध्यापकाने घडवावीत, आणि खाली वर्ष घालावे. मग ते पान वाचून दाखवून, ऐकणाऱ्या बाईला ‘आता मूल केव्हा न्याल?’ असे विचारावे. तिच्या उत्तरात दिवस, तास किंवा आकडा आला तर लेखन साधले. ‘जास्त झाल्यावर’ असे उत्तर आले तर पान पुन्हा लिहावयास घ्यावे.